गुलमंडी सोडताना

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील मध्यमवर्गीय कुटुंबांत एक विषय वर्षानुवर्षे रात्रीच्या जेवणानंतर निघतो आणि निर्णय न होताच उद्यावर ढकलला जातो. गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार, जाधवमंडी, धावणी मोहल्ला या भागांतील वडिलोपार्जित घर सोडून सिडको, गारखेडा, सातारा-देवळाई किंवा बीड वळण रस्त्याच्या पलीकडे राहावयास जायचे की नाही, हा तो विषय. मुलाला मोटार उभी करण्यापुरती जागा हवी असते, सुनेला उजेडाचे स्वयंपाकघर हवे असते, नातवंडांना खेळायला मोकळे अंगण हवे असते. आणि सुपारी हनुमानाचे दर्शन घेतल्यावाचून ज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्या आजोबांना यांतले काहीच नको असते. दोन्ही बाजू खऱ्या असतात, म्हणूनच निर्णय अवघड होतो.

हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा आहे असे समजून समाजाने त्याकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. परंतु एकाच गल्लीतील दहा कुटुंबे दहा वर्षांत एकामागून एक निघून जातात, तेव्हा तो खाजगी प्रश्न राहत नाही. मुंबईत गिरगावातला मराठी माणूस डोंबिवलीला गेला, पुण्यात सदाशिव पेठेतला कोथरूडला गेला. पुण्याच्या बाबतीत तर १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य कुटुंबांना एका दिवसात बेघर केले आणि शहर बाहेर पसरण्यास वेग आला. तेथे विचार करण्याची उसंत पुष्कळांना मिळालीच नाही. संभाजीनगरात मात्र हे स्थलांतर अजून अर्ध्यावर आहे. त्यामुळे काय धरावे आणि काय सोडावे, याचा शांतपणे विचार करण्याची संधी या शहराला आजही उपलब्ध आहे.

पुरे हीच जुनी उपनगरे

उपनगर ही कल्पना या शहराला नवी नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसविली. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये येथे आला आणि शहराला त्याचे नाव पडले. ते पुसून छत्रपती संभाजी महाराजांचे नाव अधिकृतपणे लागण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १६८२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने शहराभोवती तटबंदी उभारली गेली. परंतु वस्ती त्या तटाच्या आत कधीच मावली नाही. सरदारांनी आपापल्या लवाजम्यासह वेगवेगळे पुरे वसविले. बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा कर्णपुरा, त्याच घराण्यातील पदमसिंहाच्या नावाचा पदमपुरा, जयसिंगपुरा, बेगमपुरा ही नावे आजही त्याची साक्ष देतात. असे पन्नासहून अधिक पुरे होते असे सांगितले जाते.

या पुऱ्यांची एक गोष्ट आजच्या प्लॉटधारकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. पुरा वसविताना पाणी, बाजार, देवस्थान आणि कारागीर यांची सोय सहसा वस्तीबरोबरच होत असे. उत्तरेच्या डोंगरातून केवळ उताराच्या बळावर पाणी आणणारी नहर-ए-अंबरी हे या शहराचे वैभव होते. पाणचक्कीला फिरविणारे पाणीही दूरच्या झऱ्यातून मातीच्या नळांनी येत असे. पाणी आणि वस्ती यांची सांगड त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही मोडता आली नाही. कर्णपुऱ्याची देवीची यात्रा आजही नवरात्रात सारे शहर खेचून घेते. तटाबाहेरची वस्ती आपल्या देवस्थानाच्या बळावर शहराचे अंग कशी बनते, याचे ते जितेजागते उदाहरण होय.

सिडकोचे दिवस

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त झाल्यानंतर, शहराचे रूप पालटू लागले. १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, १९५८ मध्ये विद्यापीठ आले. पाठोपाठ औद्योगिक वसाहती आल्या. रेल्वे स्थानकाजवळची, मग चिकलठाण्याची आणि पुढे वाळूजची. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची रांग लागली. १९६१च्या सुमारास लाखाच्या आतबाहेर असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पावणेनऊ लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. एवढी माणसे जुन्या गल्ल्यांत सामावणे अशक्यच होते.

त्या वेळी शासनाने १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोकडे नव्या वसाहतीचे काम सोपविले, हा निर्णय दूरदृष्टीचा होता. एन-१ पासून एन-१३ पर्यंत आखलेल्या या वसाहतीत अल्प उत्पन्न गटाची रांगेतील घरे होती आणि ऐपतदारांचे मोठे भूखंडही होते. शाळा, उद्याने, बाजार आणि मैदाने यांच्या जागा आराखड्यातच राखून ठेवलेल्या होत्या. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ येथे ती प्रत्यक्षात येऊ लागली. तिचे दूरचे पडसाद या आखणीत उमटलेले दिसतात. कारखान्यात पाळी करणारा कामगार, बँकेतील कारकून, शाळामास्तर अशा हजारोंना स्वतःचे छप्पर सिडकोने दिले. २००६ मध्ये ही वसाहत महापालिकेकडे हस्तांतरित झाली.

आज त्याच सिडकोत काय दिसते? एन-५ मधील कॅनॉट प्लेसला संध्याकाळी वाहन उभे करण्यास जागा मिळत नाही. टीव्ही सेंटरचा चौक कोणत्याही जुन्या चौकाइतकाच गजबजलेला असतो. ज्यांनी शांततेसाठी गुलमंडी सोडली, त्यांच्या दाराशी तीस-चाळीस वर्षांत दुसरी गुलमंडी येऊन उभी राहिली. तेव्हा उपनगराची शांतता ही त्या जागेचा कायमचा गुण नव्हे. वस्तीच्या बाल्यावस्थेतील तो एक टप्पा आहे. केवळ तिच्यासाठी घर बदलणाऱ्याने ती किती वर्षे टिकणार याचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

शांततेचे मोल

आता सिडकोही भरला. वस्ती सातारा-देवळाई, पडेगाव, हर्सूल, वाळूज या दिशांनी सरकली. येथे सिडकोसारखा आराखडा आधी आणि घरे नंतर असा क्रम राहिला नाही. शेतजमिनीचे तुकडे पडले, शंभर रुपयांच्या बाँडवर व्यवहार झाले, आणि रस्ता कागदावर तीस फुटांचा असला तरी प्रत्यक्षात बैलगाडीच्या वाटेएवढाच उरला. शहरात अशा गुंठेवारीच्या वसाहती शंभराच्या वर आहेत. त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही तुकडे पाडणे थांबले नाही. म्हणून २०२१ मध्ये त्याच कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. आयुष्याची पुंजी ओतून घर बांधणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने वर्षानुवर्षे अनधिकृत ठरावा, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला भूषणावह नाही.

सातारा-देवळाईचे उदाहरण बोलके आहे. खंडोबाच्या पुरातन मंदिरामुळे सर्वांना परिचित असलेले हे गाव पाहता पाहता शहराचे उपनगर झाले. कारभार प्रथम ग्रामपंचायतीकडे होता, २०१४ मध्ये स्वतंत्र नगर परिषद झाली आणि २०१५ मध्ये तीही जाऊन परिसर महापालिकेत विलीन झाला. एका वर्षाच्या आत तीन दारे बदलली. नागरिकाने तक्रार कोणाच्या दारी न्यावी? त्यातच एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार लोकप्रतिनिधींविना प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या वस्तीला रस्ता, नळ आणि गटार यांपैकी काहीच पुरते मिळालेले नाही, तिला हक्काने विचारावे असा नगरसेवकही नसावा, ही अवस्था जुन्या शहरापेक्षा नव्या वस्तीलाच अधिक जाचली.

पाण्याची कथा तर सर्वश्रुत आहे. पैठणचा नाथसागर हाकेच्या अंतरावर असताना शहराला अनेक दिवसांआड पाणी मिळत आले. २०१४ मध्ये पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च वाढत गेला. जुन्या शहरात निदान नळ आहे, कोठे आड आहे, काही भागाला हर्सूल तलावाचे पाणी आहे. बाहेरच्या वस्तीत कूपनलिका आटली की टँकरवाल्याच्या भ्रमणध्वनीवर अवलंबून राहण्यावाचून गत्यंतर नसते. स्वस्त प्लॉटच्या किमतीत पुढच्या वीस वर्षांच्या टँकरचा खर्च मिळवून पाहिला, तर स्वस्ताई किती उरते ते प्रत्येकाने स्वतःच तपासावे.

याहून मोठी किंमत पैशांत मोजता येत नाही. जुन्या गल्लीत ओटे होते आणि ओट्यावर माणसे होती. परका मनुष्य गल्लीत शिरला की चार डोळे त्याच्याकडे वळत. अमेरिकेतील जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ साली आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले की, रस्त्याची सुरक्षितता पोलिसांपेक्षा तेथे सतत वावरणाऱ्या माणसांच्या नजरेवर अधिक अवलंबून असते. आपल्याकडे हे सांगायला ग्रंथ लागला नाही, कारण शेजारधर्म या एका शब्दात ते सारे सामावलेले होते. नव्या वसाहतीत सकाळी नऊनंतर पुरुष कामावर जातात, बहुतेक घरांतून स्त्रियाही जातात, मुले शाळेच्या बसने जातात आणि मागे राहतात ती वृद्ध माणसे. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना औषध आणायचे तर रिक्षा हवी, देवळात जायचे तर मुलाची रविवारची सुटी हवी. २०१९ पासून शहरात स्मार्ट बस धावू लागली ही स्वागतार्ह गोष्ट आहे, परंतु वसाहतीच्या टोकापासून थांब्यापर्यंतचे अंतर वृद्धांना पायीच तुडवावे लागते. गुलमंडीवर हेच आजोबा कोणाचीही मदत न घेता सकाळी देऊळ, वर्तमानपत्र, भाजी आणि चार मित्र एवढे सारे पायी आटोपून येत होते. त्यांना शांत वस्तीत आणणे म्हणजे चालत्याबोलत्या माणसाला परावलंबी करणे ठरू शकते. घर मोठे झाले, पण माणसाचे जग लहान झाले, असे होऊ नये.

गजबजाटाचेही मोल आहे

तरीही जुन्या शहराचे गोडवे गाऊन प्रश्न सुटत नाही. दुरून डोंगर साजरे, तसे सोडलेले घर आठवणीत फार सुंदर दिसते. वास्तव निराळे आहे. गल्ल्या एवढ्या अरुंद की काही ठिकाणी आगीचा बंब दारापर्यंत पोहोचू शकत नाही. दिवसभर हातगाड्यांची रांग, सणासुदीला टिळक पथावर पाऊल ठेवायला जागा नाही, आजारी माणसाला बाहेर काढायचे तर खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. तळमजल्यावर दुकान आणि माथ्यावर गोदाम, मध्ये माणसांनी राहायचे. मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजार परिसरात उसळलेल्या दंगलीत दोघांचे प्राण गेले, दोन्ही समाजांच्या दुकानांची राखरांगोळी झाली. अशा रात्रीनंतर एखाद्या आईने लेकरांना घेऊन बाहेर पडण्याचा हट्ट धरला, तर तिला दोष कोण देणार? जुन्या वस्तीत माणसे टिकावीत असे वाटत असेल, तर तेथे कायद्याचा धाक सर्वांना सारखाच असला पाहिजे. या कामात शासनाची जागा भावनिक आवाहने घेऊ शकत नाहीत.

वाड्याची अडचण आणखी वेगळी आहे. आजोबांच्या नावावरचे घर, पीआर कार्डावर तीन पिढ्यांची नावे, वारसांपैकी एक पुण्यात, एक परदेशात आणि पुढच्या दोन खोल्यांत पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यात राहणारा भाडेकरू. भाडे नियंत्रण कायद्याच्या संरक्षणामुळे मालकाला भाड्यातून दुरुस्ती परवडत नाही आणि घर आपले नसल्याने भाडेकरू ती करीत नाही. माळवदाला गळती लागते, तुळई वाकते आणि एका पावसाळ्यात भिंत खचते. शेवटी सर्व वारस ज्या एकाच गोष्टीवर सहमत होतात ती म्हणजे विक्री. त्या जागी व्यापारी संकुल उभे राहते, रात्री नऊनंतर त्याचे पडदे खाली ओढले जातात आणि जिथे पाच चुली पेटत होत्या, तिथे एक रखवालदार उरतो. हे कोण्या एकाचे पाप नव्हे. वेळीच वाटणी आणि वेळीच दुरुस्ती न केल्याचा तो परिणाम आहे.

निवड कशाच्या आधारे?

मग राहावे कोठे? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु निवडीची कसोटी मात्र एक असू शकते. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीचा दिवस नव्या ठिकाणी कसा जाईल, हा प्रश्न प्रथम विचारावा. कमावत्या माणसाची सोय त्यानंतर पाहावी, कारण तो दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेरच असतो. सध्या नेमके उलटे घडते. जो घरात सर्वांत कमी राहतो, त्याच्या मोटारीच्या सोयीने घर कोठे असावे हे ठरते.

ज्या कुटुंबात वृद्ध माणसे हिंडतीफिरती आहेत आणि जुने घर दुरुस्तीलायक आहे, त्यांनी ते विकण्याची घाई करू नये. स्वच्छतागृह, उजेड आणि जिना एवढ्या तीन गोष्टी सुधारल्या तरी जुन्या घराचे आयुष्य आणि त्यातल्या माणसांचे सुख दोन्ही वाढते. वारसांनी आजोबांच्या हयातीतच वाटणीपत्र करून नोंदवावे, म्हणजे पुढे घर वादात कुजत नाही. उलट ज्या घरी लहान मुले आहेत, वाडा धोकादायक झाला आहे, किंवा नोकरी वाळूज-शेंद्र्याला असून रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात जातात, त्यांनी अपराधी भावना न बाळगता जावे. मात्र जाण्यापूर्वी डोळे उघडे ठेवावेत. जमीन एनए आहे काय, रेखांकन मंजूर आहे काय, मलवाहिनी घातली आहे काय, नळाची जोडणी आज आहे की केवळ आश्वासन आहे, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मागावीत. उन्हाळ्यात मे महिन्यात आणि पावसाळ्यात ऑगस्टमध्ये, असे दोनदा जाऊन वस्ती पाहावी. वसाहतीचे खरे रूप दलालाच्या माहितीपत्रकात दिसत नाही, ते या दोन महिन्यांत दिसते. २०२५च्या जून-जुलैमध्ये मुकुंदवाडीसह अनेक प्रमुख रस्त्यांवरील बांधकामे महापालिकेने हटविली, तेव्हा रस्तारुंदीची रेषा आधी तपासून घेणे किती आवश्यक असते, हे पुष्कळांना उशिरा कळले.

आणि नव्या वस्तीत गेल्यावर कर्तव्य संपत नाही, तेथूनच ते सुरू होते. जुन्या गल्लीत देऊळ, वाचनालय, तालीम, शाळा हे सारे पूर्वजांनी उभारून ठेवले होते. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी सरस्वती भुवन शिक्षण संस्था औरंगपुऱ्यात फुलली, ती निजामी अमलात मराठी शिक्षणासाठी झटलेल्या माणसांमुळे. नव्या वसाहतीत हे आयते मिळत नाही. १९८९ मध्ये गारखेड्यासारख्या, तेव्हा शहराच्या कडेला असलेल्या भागात काही तरुण डॉक्टरांनी डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि आसपासच्या वस्त्यांत सेवाकार्य उभे केले. त्यामुळे तो भाग केवळ प्लॉटांचा समूह राहिला नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात. प्रत्येक वसाहतीत दहा कुटुंबांनी मनावर घेतले, तर दुपारच्या वेळी वृद्धांना बसण्याची एक जागा, एक छोटे वाचनालय, मुलांसाठी एक खेळाचे मैदान आणि अडीअडचणीला धावणारे चार तरुण एवढे उभे राहू शकते. मोकळ्या भूखंडाची आरक्षित जागा कोणी बळकावण्यापूर्वी तिचा उपयोग सुरू करणे, हेच तिचे सर्वांत खात्रीचे संरक्षण होय.

महापालिकेनेही आपला वाटा उचलला पाहिजे. जुन्या शहरात घर दुरुस्त करून त्यात राहणाऱ्याला करात सवलत द्यावी, परवानगीची कटकट कमी करावी, तटालगतच्या परिसरात वाहनतळ उभारून आतल्या गल्ल्या चालण्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. बाहेरच्या बाजूस रस्ता, पाणी आणि मलवाहिनी झाल्याशिवाय नव्या रेखांकनाला मंजुरी देऊ नये. आधी पाणी आणि मागाहून वस्ती, हा क्रम आजच्या नियोजनकारांना का जमू नये?

अनंत चतुर्दशीला संस्थान गणपतीची आरती होऊन मिरवणूक निघते, तेव्हा सिडको-साताऱ्यात राहावयास गेलेली शेकडो कुटुंबे जुन्या गल्लीत परततात. मुलांना आजोबांचे घर दाखवितात आणि रात्री परत फिरतात. वर्षातून एका दिवसाची ही भेट पुरेशी नाही. जुने घर ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांनी या वर्षी त्याच्या छपराची डागडुजी आणि कागदपत्रांची जुळवाजुळव ही दोन कामे हाती घ्यावीत. ज्यांचे घर आता नव्या वस्तीत आहे, त्यांनी आपल्या गल्लीतील दहा घरांची दारे ठोठावून प्रत्येक घरातील वृद्ध माणसाचे नाव आणि गरज विचारून घ्यावी. गुलमंडी सोडावी की सोडू नये, हे प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावे. शेजारधर्म मात्र सामानाबरोबर बांधून न्यावा. नव्या घरात त्याचीच गरज सर्वांत आधी भासणार आहे.